फिजिक्स घ्यायचंय? आधी विषयांचा मेळ बसवा

बारावीचा निकाल लागला, शेजारीपाजारी पेढे गेले, आणि आता तुमच्या घरात नवा प्रश्न उभा आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते आहे, “मला इंजिनिअरिंग नको, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचंय.” घरातली वडीलधारी माणसे जरा गप्प होतात. मग बोलणे सुरू होते ते कॉलेज कोणते, फी किती, राहायची सोय काय, यावर. विषय कोणते घ्यायचे यावर कोणी बोलत नाही. ते काम तालुक्याच्या गावी अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या पोराकडे जाते.

आमच्या शेजारच्या गावातली एक मुलगी अशीच फसली. गोष्ट काही वर्षांपूर्वीची, पदवीची नवी रचना येण्याआधीची आहे. पण चूक आजही अगदी तशीच होऊ शकते, म्हणून सांगतो. वडिलांचा दीड एकर कांदा आणि बाकी जिरायत. मुलगी हुशार, बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्हींत चांगले गुण. अर्ज भरायला बापलेक गेली तेव्हा दुकानात ही गर्दी. अर्ज भरणाऱ्याने विचारले, “फिजिक्स, केमिस्ट्री, आणि तिसरा?” वडील म्हणाले, “शेतकऱ्याची लेक आहे, वनस्पतीशास्त्र टाका.” झाले. गणित तिथेच सुटले. पहिले वर्ष छान गेले. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन माझ्याकडे आली. विद्युतचुंबकत्वाचा धडा होता. तिने पानावरच्या एका चिन्हावर बोट ठेवले आणि म्हणाली, “सर, हा उलटा त्रिकोण काय असतो? वर्गात सगळे लिहून घेतात, मीही घेते. पण तो काय करतो?”

ते चिन्ह गणिताच्या वर्गात शिकवतात. फिजिक्सचे प्राध्यापक ते येते असे धरून पुढे जातात. यात त्या प्राध्यापकांचीही चूक नव्हती. त्या मुलीची तर नव्हतीच.

मी स्वतः तालुक्याच्या कॉलेजात उभा जन्म फिजिक्स शिकवले. त्या अनुभवावरून सांगतो, पोरे फिजिक्समध्ये अडतात ती फिजिक्समुळे फार थोडी. बहुतेक अडतात ती गणित मागे राहिल्यामुळे. नांगरट न करता पेरणी केली तर उगवण होत नाही असे नाही. पण मूळ खाली जात नाही, आणि पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की पीक माना टाकते. तसेच हे.

एक घरचाच दाखला घ्या. तुमच्या सिमेंटच्या टाकीत हजार लिटर पाणी आहे. तळाची तोटी सोडली तेव्हा मिनिटाला दहा लिटर पाणी पडत होते. टाकी किती वेळात रिकामी होईल? शाळेतला पोरगा भागाकार करून सांगेल, शंभर मिनिटे. तुम्ही मात्र हसाल, कारण तुम्हाला ठाऊक आहे की पाणी खाली गेले की धार मंदावते. मग खरा वेळ किती? सरळ भिंतींच्या टाकीला तो बरोबर दुप्पट, म्हणजे दोनशे मिनिटांच्या घरात येतो. हे दुप्पट कुठून आले ते भागाकाराने कळत नाही. पातळी बदलते तसा वेग बदलतो, वेग बदलतो तशी पातळी बदलते. दोघांचा असा एकमेकांत गुंतलेला हिशेब सोडवण्याच्या गणिताला विकलक समीकरण म्हणतात. झोपाळ्याचे झुलणे, कढत चहाचे निवणे, मोटर सुरू होतानाचा प्रवाह, सगळे याच एका हत्याराने सुटते. हे हत्यार हाती नसेल तर मुलगा सूत्रे पाठ करतो, पास होतो, आणि तिसऱ्या वर्षी म्हणतो की फिजिक्स फार अवघड आहे.

आधी काय, नंतर काय

तेव्हा तुमच्या मुलीला बसवून हा क्रम सांगा. पहिल्या वर्षी यामिकी, म्हणजे बल, गती, फिरकी, गुरुत्वाकर्षण. तिच्याबरोबर कलनशास्त्र, म्हणजे मुले ज्याला कॅल्क्युलस म्हणतात ते, हवेच. लहरी, आंदोलने आणि प्रकाश यांच्या आधी विकलक समीकरणे. वीज आणि चुंबकत्व नीट समजायला सदिशांचे कलन. तो उलटा त्रिकोण तिथला. उष्मागतिकी त्यामानाने सोपी वाटते, पण तिच्या पुढचे सांख्यिकीय भौतिकशास्त्र संभाव्यतेच्या गणितावर उभे असते. आणि पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम, जिच्या नावाने मुले घाबरतात, तिला संमिश्र संख्या आणि रेषीय बीजगणित लागते. हे दोन्ही येत असेल तर निम्मी भीती जाते.

संमिश्र संख्या म्हटले की लोकांना वाटते, ही कुठे उपयोगी पडणार? तुमच्या विहिरीवरच्या तीन फेजच्या मोटारीचा हिशेब त्यांनीच सोपा होतो. तीन तारांतली वीज एकाच वेळी चढत-उतरत नाही; एकीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या अंतराने चालते. मागेपुढेपणाचा हा हिशेब ठेवायला संमिश्र संख्येइतकी सोयीची वस्तू नाही.

आता नव्या रचनेबद्दल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आले. महाराष्ट्रात त्याप्रमाणे पदवीची रचना स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून लागू झाली. तीन वर्षांत पदवी, चौथे वर्ष केले तर ऑनर्सची पदवी. सगळा हिशेब श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये चालतो. वर्गातल्या शिकवणीचे साधारण पंधरा तास झाले की एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला त्याच एका क्रेडिटसाठी तीस तास लागतात. एका सत्राला वीस ते बावीस क्रेडिट. हे सांगण्याचे कारण असे, की कागदावर प्रात्यक्षिकाची दोन क्रेडिट दिसायला लहान दिसतात, पण मुलाचे साठ तास घेतात. वेळेचा अंदाज बांधताना क्रेडिट मोजू नका, तास मोजा.

एक मुख्य विषय, त्याला मेजर म्हणतात. एक जोडविषय, तो मायनर. शिवाय दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, भाषा, कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञानपरंपरा, मूल्यशिक्षण असे बरेच काही असते. बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षी मुले तीन विषय घेतात आणि त्यांतूनच पुढे मेजर-मायनर ठरते. तपशील विद्यापीठागणिक वेगळे आहेत, म्हणून तुमच्या कॉलेजचे माहितीपत्रक हातात घेऊनच बसा. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: जो विषय पहिल्या वर्षी घेतलाच नाही, तो पुढे मिळणे मुश्किलीचे असते. म्हणून पहिल्या वर्षीच्या तीन विषयांत फिजिक्स आणि गणित हे दोन असलेच पाहिजेत. यावर मी वाद घालणार नाही. तिसऱ्यावर घालू.

तिसरा विषय कोणता? माझे मत सांगतो, पटले तर घ्या. मुलीला पुढे बी.एड. करून शाळेत शिकवायचे असेल तर रसायनशास्त्र बरे, कारण हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री दोन्ही शिकवणारा. आणि गणित हाती असेल तर शाळा अशा शिक्षकाला दोन्हीकडे वापरते. यंत्रांची, तारा जोडण्याची आवड असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. संशोधनाकडे डोळा असेल तर संगणक किंवा संख्याशास्त्र, कारण आजचे फिजिक्स कागदावर जितके होते तितकेच संगणकावर होते. पायथॉन नावाची संगणकाची भाषा फुकट मिळते, शिकायला सोपी आहे. कौशल्याच्या विषयांच्या यादीत ती दिसली तर डोळे झाकून घ्या. त्या यादीत कधी कधी वेळ घालवणारे हलकेफुलके विषयही असतात. पोरे गुण चांगले पडतात म्हणून ते घेतात. सगळेच तसे घेऊ नका. पण ज्या सत्रात फिजिक्सचे दोन जड पेपर आहेत, त्या सत्रात एखादा हलका विषय मुद्दाम ठेवणे शहाणपणाचे असते. बैलाला सलग चार दिवस खोल नांगरटीला कोणी जुंपत नाही.

कॉलेजात विचारायचे प्रश्न

वडिलांनी प्रवेशाच्या दिवशी मुलाबरोबर जावे आणि संकोच न धरता विचारावे. पहिला प्रश्न: तिसऱ्या वर्षाला फिजिक्स मेजर तुमच्याकडे आहे का, की दुसऱ्या वर्षापर्यंतच? लहान गावांतल्या काही कॉलेजांत मुले कमी पडली की तिसऱ्या वर्षाला मुख्य विषय म्हणून फिजिक्स मिळत नाही. मग मुलाला दुसरे गाव गाठावे लागते. दुसरा: फिजिक्सला गणित मायनर म्हणून जोडता येते का, आणि दोन्हींचे तास वेळापत्रकात एकमेकांवर येत नाहीत ना? कागदावर जोडी असते, पण भिंतीवरच्या वेळापत्रकात नसते, असे होते. तिसरा: शिकवणारे किती आहेत, आणि त्यांत कायमचे किती, तासिका तत्त्वावरचे किती? तासिका तत्त्वावरचे शिक्षक कमी प्रतीचे असतात असे मुळीच नाही. माझ्या पाहण्यात काही तर फार उत्तम होते. पण त्यांची नेमणूक उशिरा होते आणि तोवर महिना-दीड महिना वर्ग रिकामा जातो. तो महिना मुलाने घरी काय वाचावे ते आधी ठरवता येते.

चौथा प्रश्न सगळ्यात साधा आणि सगळ्यात महत्त्वाचा: प्रात्यक्षिक किती वाजता सुटते? पुष्कळ ठिकाणी सकाळी तास आणि दुपारी प्रयोगशाळा असते. प्रयोग संपायला साडेचार-पाच होतात, आणि तुमच्या गावाची एसटी सव्वाचारला सुटते. मग मुलगी काय करते? प्रयोग अर्धा टाकून निघते आणि मैत्रिणीच्या वहीतून आकडे उतरवते. तीन वर्षे असे चालले तर तिने फिजिक्स केलेच नाही असे समजा. गाडीची वेळ जमत नसेल तर प्रयोगाची तुकडी बदलून मागता येते; सकाळची तुकडी असेल तर प्रवेशाच्या दिवशीच सांगून ठेवावे. नाही तर वसतिगृहाचा विचार करावा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची सरकारी योजना आहे. ती तुमच्या मुलाच्या अभ्यासक्रमाला लागू होते का ते कॉलेजच्या कार्यालयात विचारा. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर होतो.

प्रयोगाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. एक उदाहरण देतो. एक मीटर लांबीचा लंबक एका झोक्याला सुमारे दोन सेकंद घेतो. घड्याळ दाबायला हाताला साधारण एक पंचमांश सेकंद मागेपुढे होतोच. एकच झोका मोजला तर चूक दहा टक्क्यांची. वीस झोके एकदम मोजले तर तीच चूक चाळीस सेकंदांवर पसरते आणि अर्ध्या टक्क्यावर येते. हे स्वतः घड्याळ दाबून, दोनदा चुकून ज्याने पाहिले, त्याला मोजणे म्हणजे काय ते जन्मभर कळते. मग तो माती परीक्षणाचा अहवाल वाचतानाही विचारतो की नमुना कितीदा घेतला होता. दुसऱ्याच्या जर्नलवरून आकडे उतरवणाऱ्याला हे कळत नाही, आणि दुर्दैवाने तेही पास होतात.

आता घरच्या मंडळींना एक विनंती. सत्रांच्या परीक्षा साधारण दिवाळीच्या मागेपुढे आणि पुन्हा मार्च ते मे अशा येतात. म्हणजे एक परीक्षा सोयाबीन-बाजरीच्या काढणीत आणि दुसरी उन्हाळ कांद्याच्या काढणीत. मजूर मिळत नाही हे मलाही कळते; माझ्या घरीही कांदा होता आणि मीही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पात कापली आहे. पण सहा सत्रांच्या सहा परीक्षांचे दिवस वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या आधीचे तीन आठवडे पोराला रानात बोलावू नका. बाकीचे दिवस त्याला खुशाल कामाला लावा.

पुढे काय, ते खरे खरे

नुसत्या बी.एस्सी.वर फिजिक्सची म्हणून नोकरी क्वचितच मिळते. हे प्रवेशाच्या आधी मुलाला सांगा, नंतर नको. एक वर्ष करून सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका अशी सोय नव्या रचनेत ठेवली आहे. घरात अडचण आली तर केलेले वर्ष वाया जात नाही, क्रेडिट जमा राहतात, एवढा त्याचा उपयोग. एका वर्षाच्या फिजिक्सच्या कागदावर कोणी कामाला ठेवील अशी आशा मात्र धरू नका.

पुढच्या वाटा अशा. शिक्षकीसाठी बी.एड. हवामान खात्यात वैज्ञानिक सहायकाच्या ज्या भरत्या झाल्या, त्यांत फिजिक्स हा विषय असलेली विज्ञान पदवी चालली होती. पावसाच्या अंदाजाकडे डोळे लावून बसणाऱ्या घरातून कोणी त्या खात्यात गेले तर मला आनंद होईल. आणि ज्याला विषयातच खोल जायचे आहे त्याने एम.एस्सी. करावे. आय.आय.टी.सारख्या संस्थांत एम.एस्सी.ला जाण्यासाठी जॅम नावाची परीक्षा असते, दरवर्षी फेब्रुवारीत. तीन तास, शंभर गुण. तिच्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमात पहिलाच भाग गणिती पद्धतींचा आहे, आणि बाकी सगळे पहिल्या तीन वर्षांचेच आहे. म्हणजे वेगळी शिकवणी न लावता, दुसऱ्या वर्षापासून जुने पेपर सोडवत गेले तरी तयारी होते. परीक्षा तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत द्यायची, तेव्हा पाचवे सत्र फार जड करू नका.

चौथे वर्ष करावे की तीन वर्षांनी एम.एस्सी.ला जावे? कॉलेजात संशोधन करणारे शिक्षक आणि चालती प्रयोगशाळा असेल तर चौथे वर्ष चांगले. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के गुण असतील तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्रता मिळते, असा 2022 चा नियम आहे. तशी सोय नसेल तर चौथ्या वर्षाला तिथेच थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. तीन वर्षांची पदवी घ्यावी आणि चांगल्या जागी एम.एस्सी. करावी.

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांचाही बेत आखा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायची शिष्यवृत्ती देतात. अर्ज मात्र आधीच्या हिवाळ्यात करावा लागतो, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीलाच चौकशी करावी. आणि पहिल्याच वर्षी एकदा मुलांना घेऊन नारायणगावजवळ खोडदला जाऊन या. तिथे रेडिओ लहरी पकडणाऱ्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, काही एकत्र आणि बाकी तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती दुर्बीण उभी केली. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांची पोरे जमतात. ऊस आणि द्राक्षाच्या रानात उभी असलेली ती तबकडी पाहिली की घरच्यांना पटते, हा विषय काही फक्त मुंबई-पुण्याच्या बंगल्यांतला नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. विषय बदलून मिळाला नाही. मग आठवड्यातून दोन संध्याकाळी ती माझ्या ओसरीवर यायची. आम्ही बारावीच्या पुस्तकापासून पुन्हा सुरुवात केली, उन्हाळ्याची सगळी सुट्टी त्यात गेली. दुसऱ्या वर्षाचा एक पेपर राहिला, तो तिने पुन्हा दिला. जॅम एकदा हुकली, दुसऱ्यांदा लागली. म्हणजे एका चौकटीवर खूण न केल्याचे मोल एक आख्खे वर्ष. आता तिचे एम.एस्सी. झाले आहे आणि ती एका कॉलेजात शिकवते.

गेल्या जूनमध्ये तिच्या धाकट्या भावाचा अर्ज भरला. ती स्वतः बरोबर गेली होती. फिजिक्स, गणित, आणि तिसरे इलेक्ट्रॉनिक्स. अर्ज कायम करण्याआधी तिने छापील प्रत काढायला लावली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. वडील शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा लावून कागद खालीवर पाहिला, आणि पोराला विचारले, “प्रात्यक्षिक किती वाजता सुटतं रे?”